हौशी आणि कसबी : जॉर्ज प्लिम्प्टन यांची सहभागी पत्रकारिता

वार्ताहराने घटनेपासून अंतर राखावे, दिसेल ते टिपावे आणि स्वतःला मजकुराबाहेर ठेवावे, हा वृत्तपत्रव्यवसायाचा जुना आणि बहुतांशी हितकारक संकेत आहे. परंतु या संकेताच्या शेजारीच, त्याला छेद देणारी दुसरी एक परंपरा गेल्या दीडशे वर्षांत वाढत आली आहे. या परंपरेतला लेखक ज्या जगाविषयी लिहायचे त्या जगात काही काळ स्वतः उतरतो, तिथले काम हाती घेतो, तिथले नियम अंगावर घेतो आणि मग त्या अनुभवातून लिहितो. तिला सहभागी पत्रकारिता असे म्हटले जाते. या परंपरेची गंभीर शाखा मराठी वाचकाला अपरिचित नाही, मात्र तिची विनोदी शाखा तुलनेने कमी ओळखीची आहे. आणि त्या शाखेचा विचार करताना अमेरिकन लेखक व संपादक जॉर्ज प्लिम्प्टन (१९२७–२००३) यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. व्यावसायिक खेळाडूंच्या मैदानात हौशी माणूस म्हणून उतरायचे, तिथे सपशेल हरायचे आणि त्या हरण्याचा सविस्तर वृत्तान्त द्यायचा, अशी त्यांची रीत होती. ही रीत वरकरणी गमतीची वाटली तरी तिच्या मुळाशी एक गंभीर जिज्ञासा होती, आणि साहित्यिक नियतकालिकाचे संपादक म्हणून त्यांनी पन्नास वर्षे जे काम केले त्याच्या मुळाशीही तीच जिज्ञासा होती, हे प्रस्तुत प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्लिम्प्टन यांचे वेगळेपण समजण्यासाठी आधी त्यांच्या पूर्वसूरींकडे पाहायला हवे. नेली ब्लाय या तरुण पत्रकार स्त्रीने १८८७ साली वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कमधील ब्लॅकवेल्स आयलंड येथील मनोरुग्णालयात दहा दिवस काढले आणि तिथल्या हालअपेष्टा ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रातून जगापुढे आणल्या; जॅक लंडन यांनी १९०२ साली लंडन शहराच्या ईस्ट एंड भागातील गरिबांत राहून त्यांच्या जिण्यावर पुस्तक लिहिले; आणि ग्युंटर वालराफ या जर्मन पत्रकाराने तुर्की मजुराचा वेष घेऊन केलेल्या कामाचा वृत्तान्त १९८५ साली प्रसिद्ध करून पश्चिम जर्मनीला हादरवून सोडले. या तिघांचा हेतू अन्याय उघडा पाडण्याचा होता, आणि त्यासाठी खरी ओळख लपवणे त्यांना अपरिहार्य होते. याहून निराळा मार्ग पॉल गॅलिको या क्रीडावार्ताहराने १९२०च्या दशकात चोखाळला. हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी याचा ठोसा खाल्ल्यावर नेमके काय होते हे जाणून घेण्यासाठी गॅलिको १९२३ साली त्याच्याबरोबर सरावाच्या रिंगणात उतरले आणि दोन मिनिटांच्या आत आडवे झाले. ‘फेअरवेल टू स्पोर्ट’ या १९३८ सालच्या पुस्तकात त्यांनी अशा अनुभवांविषयी लिहिले. प्लिम्प्टन यांनी प्रेरणा घेतली ती या पुस्तकातून. मात्र गॅलिको यांच्या लेखनात जे एखाद्या प्रकरणापुरते होते, त्याला प्लिम्प्टन यांनी पुस्तकभर लांबीच्या साहित्यप्रकाराचे रूप दिले.

जॉर्ज प्लिम्प्टन यांचा जन्म १८ मार्च १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे एका जुन्या, प्रतिष्ठित आणि सधन घराण्यात झाला. वडील फ्रान्सिस प्लिम्प्टन हे नामांकित वकील होते आणि पुढे १९६०च्या दशकात त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे उपप्रतिनिधी म्हणून काम केले. आईच्या बाजूने अमेरिकन यादवी युद्धातील सेनानींचा वारसा होता. अशा घरातील मुलाने फिलिप्स एक्सेटर ही मातब्बर निवासी शाळा, मग हार्वर्ड आणि मग वकिली किंवा बँक अशी वाट धरावी, हे जवळजवळ ठरलेलेच असे. प्लिम्प्टन यांना एक्सेटरमधून शिक्षण संपण्याच्या तोंडावर काढून टाकण्यात आले आणि फ्लोरिडातील एका साध्या शाळेतून त्यांना परीक्षा द्यावी लागली. हार्वर्डचे शिक्षण सैन्यसेवेमुळे मध्येच थांबले. महायुद्ध संपल्यावर त्यांनी इटलीत रणगाडाचालक म्हणून काम केले आणि परत आल्यावर ‘हार्वर्ड लॅम्पून’ या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकाच्या संपादनात भाग घेतला. त्यानंतर १९५० ते १९५२ या काळात ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले. उच्चभ्रू वर्गाचे सगळे शिष्टाचार अंगी असलेला, सव्वासहा फुटांहून उंच आणि शरीराने काटकुळा असा हा तरुण खेळाच्या मैदानात कुणाला शोभून दिसेल अशी शक्यता नव्हती. पुढे त्यांच्या लेखनातील विनोद बराचसा या विसंगतीवर उभा राहिला.

१९५३ साली पॅरिसमध्ये पीटर मॅथिसन, हॅरल्ड ह्यूम्स आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ‘द पॅरिस रिव्ह्यू’ हे साहित्याला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि त्याच्या संपादकपदासाठी प्लिम्प्टन यांना केंब्रिजहून बोलावून घेतले. (त्या काळात मॅथिसन हे अमेरिकन गुप्तचर संस्थेसाठीही काम करत होते आणि नियतकालिकाचा त्यांनी आडोसा म्हणून उपयोग केला होता, हे त्यांनीच पुढे मान्य केले, या नियतकालिकाच्या इतिहासातील ही बाजू अभ्यासकाने नजरेआड करू नये.) प्लिम्प्टन मात्र या पदावर मृत्यूपर्यंत, म्हणजे पूर्ण पन्नास वर्षे राहिले. समीक्षेला दुय्यम स्थान देऊन कथा-कवितांना अग्रस्थान द्यावे, आणि लेखकाविषयी इतरांनी लिहिण्याऐवजी लेखकालाच बोलते करावे, हे या नियतकालिकाचे धोरण होते. पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत आली. किंग्ज कॉलेजातील वास्तव्यामुळे प्लिम्प्टन यांचा त्यांच्याशी परिचय झालेला होता. ध्वनिमुद्रणयंत्र सर्रास वापरात येण्यापूर्वी या मुलाखती बहुधा दोघे मिळून घेत, दोघेही भराभर टिपणे काढत, मग ती टिपणे ताडून पाहत, आणि तयार झालेला मजकूर लेखकाकडे दुरुस्तीसाठी पाठवत. सोबत लेखकाच्या हस्तलिखिताचे एखादे पान, खाडाखोडीसकट, छापले जाई. खुद्द प्लिम्प्टन यांनी घेतलेली आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेली अर्नेस्ट हेमिंग्वे यांची मुलाखत या मालिकेतील सर्वांत गाजलेली ठरली. आपल्या एका कादंबरीचे शेवटचे पान हेमिंग्वे यांनी एकोणचाळीस वेळा लिहिले, हा पुढे सर्वत्र सांगितला गेलेला तपशील याच मुलाखतीतला आहे. लेखनामागची प्रेरणा, संदेश, तत्त्वज्ञान हे विषय टाळून पेन्सिल की टंकलेखनयंत्र, सकाळ की रात्र, किती पाने, किती वेळा पुनर्लेखन, असे प्रश्न या मुलाखतींतून विचारले गेले. लेखन हे दैवी देणे न मानता एक कसब मानले, तर ते कसब कसे चालते हे विचारता येते, असा त्यामागचा विश्वास होता.

तोच प्रश्न खेळाडूला विचारायचा असेल तर मात्र एक अडचण येते, आणि प्लिम्प्टन यांची सहभागी पत्रकारिता जन्माला आली ती या अडचणीतून. लेखकाचे माध्यम भाषा हेच असल्यामुळे तो आपल्या कामाविषयी बोलू शकतो. खेळाडूचे ज्ञान त्याच्या मनगटात, पायांत आणि नजरेत असते, आणि ते शब्दांत मांडायला सांगितले तर बहुतेक वेळा ठरावीक वाक्येच हाती लागतात. अशा वेळी प्रश्न विचारून थांबण्यापेक्षा त्या माणसाच्या जागी स्वतः उभे राहावे, आणि त्याला जे सहज जमते ते आपल्याला का जमत नाही हे बारकाईने लिहावे, हा उपाय प्लिम्प्टन यांनी शोधला. हौशी माणसाची फजिती ही येथे मोजपट्टीसारखी वापरली गेली आहे. सामान्य वाचक आणि कसबी खेळाडू यांच्यातील अंतर किती आहे, हे त्या फजितीवरून मोजता येते.

पहिला मोठा प्रयोग १९५८ साली न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर झाला. बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ, आणि त्यात चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाजाशी त्याचे नाते आहे, मात्र तो टप्पा न टाकता चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. हंगाम संपल्यावर विली मेज आणि मिकी मँटल या दोन महान खेळाडूंच्या संघांत प्रदर्शनी सामना होणार होता, आणि त्याआधी दोन्ही संघांतील फलंदाजांना प्लिम्प्टन यांनी चेंडू टाकावेत, जो संघ अधिक सरस ठरेल त्याला ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने १,००० डॉलर द्यावेत, असे ठरले. चेंडू योग्य की अयोग्य हे सांगायला पंच ठेवायचे मात्र राहून गेले. त्यामुळे फलंदाज मनाजोगता चेंडू येईपर्यंत कितीही वेळ थांबू शकत होता, आणि अर्नी बँक्स या फलंदाजाने ती मुभा पुरेपूर वापरली. हात भरून आलेले, धाप लागलेली, स्वतःशीच मोठ्याने पुटपुटणारे प्लिम्प्टन एकाच संघाच्या फलंदाजीत इतके दमले की त्यांना मैदानाबाहेर न्यावे लागले आणि दुसऱ्या संघाला चेंडू टाकायची वेळच आली नाही. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउट ऑफ माय लीग’ या पुस्तकात हा प्रसंग सविस्तर आला आहे, आणि प्रेक्षकांना वरून दिसणारे, पिचरच्या जागेवरून मात्र प्रचंड भासणारे ते मैदान वाचकाला प्रथमच आतून दिसते.

या प्रदर्शनी सामन्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५९मध्ये, न्यूयॉर्कच्या स्टिलमन्स जिममध्ये ते लाइट हेवीवेट विजेता आर्ची मूर याच्याशी तीन फेऱ्या खेळले. मूरने सांभाळून घेतले तरी नाकातून रक्त यायचे ते आलेच. नाकावर फटका बसला की डोळ्यांतून आपोआप पाणी वाहू लागण्याची प्लिम्प्टन यांची प्रकृती होती, त्यामुळे मुष्टियोद्धा रिंगणात रडतो आहे असे विचित्र दृश्य जमलेल्यांना दिसले. या प्रसंगावर पुस्तक होण्यास अठरा वर्षे लागली. १९७७ साली आलेल्या ‘शॅडो बॉक्स’मध्ये हा प्रसंग सुरुवातीपुरता आहे आणि पुढे मुहम्मद अली, किन्शासा येथील १९७४ची ऐतिहासिक लढत आणि या खेळाभोवती जमणारे लेखक यांच्यापर्यंत ते पुस्तक पोहोचते.

‘पेपर लायन’ (१९६६) हे त्यांचे सर्वश्रेष्ठ पुस्तक मानले जाते, आणि ते योग्यच आहे. अमेरिकन फुटबॉल या खेळात अकरा-अकरा खेळाडूंचे संघ लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीकडे यार्डायार्डाने सरकत जातात, आणि प्रत्येक चालीचा सूत्रधार क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. संघाच्या सर्व चाली लिहिलेली जाडजूड वही त्याला तोंडपाठ असावी लागते. अनेक संघांचे नकार पचवल्यानंतर डेट्रॉइट लायन्स या संघाने प्लिम्प्टन यांना १९६३च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील आपल्या सराव शिबिरात शेवटच्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून घेतले. आपण कोण हे त्यांनी सुरुवातीला खेळाडूंना सांगितले नव्हते, परंतु चाल सुरू होताना पुढे वाकलेल्या सहकाऱ्याकडून चेंडू घेण्यासाठी हात नेमके कसे ठेवायचे एवढी प्राथमिक गोष्टही त्यांना ठाऊक नाही हे लक्षात येताच बिंग फुटले. खेळाडूंनी मात्र त्यांना हाकलले नाही. नवख्यांच्या वाट्याला येणारी थट्टा त्यांच्याही वाट्याला आली, चाली समजावून सांगणारे शिक्षक त्यांना त्या खेळाडूंतच मिळाले, आणि शून्य क्रमांकाची जर्सी घालून ते त्यांच्यात राहिले. पाँटिअक येथे संघांतर्गत सामना झाला तेव्हा त्यांना पाच चाली खेळायला मिळाल्या. दरवेळी संघ पुढे जाण्याऐवजी मागेच आला, एका चालीत तर कुणाचा धक्का न लागता ते आपोआप पडले, आणि एकूण सुमारे ३० यार्डांची पिछेहाट झाली. खऱ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, क्लीव्हलँड ब्राउन्स संघाशी होणाऱ्या हंगामपूर्व सामन्यात, त्यांना उतरवण्याचा विचार होता. त्याला लीगच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही.

या पाच चाली पुस्तकातील थोडीच पाने व्यापतात, ही गोष्ट या पुस्तकाच्या मोलाकडे बोट दाखवते. उरलेल्या पानांत रात्री खोलीत बसून खेळाडूंनी केलेल्या गप्पा आहेत, संघातून कमी केले जाण्याची भीती आहे, दुखावलेले गुडघे आहेत, आणि प्रशिक्षकाची हाक कुणाच्या दारावर येईल या चिंतेत झोपणारी तरुण मुले आहेत. लेखक स्वतः हास्यास्पद ठरला असल्यामुळे या माणसांना त्याच्यासमोर मोठेपणाचा आव आणण्याची गरज उरली नाही. त्यांनी मन मोकळे केले ते एका वार्ताहरापुढे नव्हे, तर आपल्याबरोबर धूळ खाल्लेल्या सोबत्यापुढे. १९६८ साली या पुस्तकावर चित्रपट निघाला आणि त्यात प्लिम्प्टन यांची भूमिका अॅलन अल्डा यांनी केली.

पुढील काळात त्यांनी व्यावसायिक गोल्फपटूंबरोबर खेळून ‘द बोगी मॅन’ (१९६८) लिहिले, आणि १९७७ साली बॉस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचे गोलरक्षक म्हणून फिलाडेल्फियात पाच मिनिटे उभे राहून त्या अनुभवावर ‘ओपन नेट’ (१९८५) लिहिले. सर्कशीतला झोपाळा, दूरचित्रवाणीवरील विशेष कार्यक्रम, चित्रपटांतील लहानसहान भूमिका असे आणखीही कितीतरी प्रयोग झाले. त्यांतले काही केवळ करमणुकीपुरते होते आणि त्यांना साहित्यात फारसे स्थान नाही. न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक या वाद्यवृंदातील त्यांचा प्रयोग मात्र खास दखल घेण्याजोगा आहे. संगीतलिपी वाचता येत नसतानाही लेनर्ड बर्नस्टाईन यांच्या संचालनाखाली त्यांनी तालवाद्यांच्या विभागात काम केले. ट्रँगल, म्हणजे लोखंडी सळईने वाजवायचा धातूचा त्रिकोण, हे वाद्य कुणालाही जमेल असे वाटते. परंतु एका सरावात बर्नस्टाईन यांनी त्यांना तो स्वर पुन्हापुन्हा वाजवायला लावला आणि मग, निघालेल्या चार निरनिराळ्या आवाजांपैकी नेमका कोणता अभिप्रेत होता, असे विचारले. आपल्या सर्व प्रयोगांत हाच सर्वांत भीतिदायक होता, असे प्लिम्प्टन सांगत. खेळात समोरच्याच्या चुकीवरच डाव चालतो, वाद्यवृंदात मात्र एकाही चुकीला जागा नसते, हे त्याचे त्यांनी दिलेले कारण त्यांच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना आहे.

त्यांचा विनोद हा या विचारपद्धतीचाच भाग आहे. व्यंगावर बोट ठेवणारा, दुसऱ्याला खाली पाहायला लावणारा विनोद त्यांच्या लेखनात जवळजवळ सापडत नाही. हसू येते ते डौलदार, घोळदार, सभ्य गद्यात एखाद्या पडझडीचे शांतपणे वर्णन होत असते म्हणून. आपली फजिती सांगताना ते स्वतःची कीव करत नाहीत आणि आपल्या साधेपणाचे प्रदर्शनही मांडत नाहीत. लक्ष असते ते ज्याला हे काम येते त्याच्याकडे. हौशी माणूस जितक्या प्रामाणिकपणे हरतो तितका कसबी माणूस वाचकाच्या नजरेत मोठा होतो, आणि म्हणून हे विनोदी लेखन अखेर आदराचे लेखन ठरते. १ एप्रिल १९८५च्या तारखेच्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये त्यांनी सिड फिंच या काल्पनिक पिचरची हकिगत खऱ्या बातमीच्या थाटात छापून अनेक वाचकांना चकवले. सिद्धार्थ या नावावरून सिड म्हणवला जाणारा, तिबेटात योगसाधना केलेला आणि ताशी १६८ मैल, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा हा तरुण बेसबॉल खेळावे की फ्रेंच हॉर्न वाजवावा अशा संभ्रमात असतो. एप्रिल फूलची ही थट्टाही त्यांच्या नेहमीच्या विषयाला धरूनच आहे, कारण कसब एखाद्याकडे आपोआप चालून आले तर त्याचे काय करावे, असा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नेली ब्लाय किंवा वालराफ यांनी धोका पत्करला होता. प्लिम्प्टन यांचे अपयश त्यांना फारसे महागात पडणारे नव्हते, आणि मैदानातून बाहेर पडल्यावर न्यूयॉर्कमधील ७२व्या रस्त्यावरचे नदीकाठचे घर आणि तिथल्या साहित्यिक मेजवान्या त्यांची वाट पाहत असत. हे प्रयोग करायला मिळण्यासाठी लागणाऱ्या ओळखी आणि निवांतपणा फार थोड्यांकडे असतो, आणि त्यांनी निवडलेली जगे बहुतांशी यशस्वी पुरुषांची होती. तरीही गंभीर काळाचा स्पर्श त्यांना झाला नाही असे म्हणता येणार नाही. ५ जून १९६८ रोजी लॉस एंजलिसच्या अँबॅसडर हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा हल्लेखोराला पकडून ठेवणाऱ्यांत त्यांचे मित्र प्लिम्प्टन होते. जीन स्टाईन यांनी घेतलेल्या मुलाखतींतून त्यांनी १९७० साली केनेडींविषयीचे पुस्तक संपादित केले, ते स्वतःच्या अनुभवाचे न लिहिता अनेकांच्या कथनांतून उभे केले. माणसाचे चरित्र त्याला ओळखणाऱ्यांच्याच शब्दांत जुळवण्याची ही पद्धत मौखिक चरित्र म्हणून ओळखली जाते, आणि ‘एडी’ (१९८२) व ट्रूमन कपोटी यांच्यावरील पुस्तक (१९९७) यांतून प्लिम्प्टन यांनी ती पुढे नेली.

सप्टेंबर २००३मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी ए. जे. जेकब्स यांचे, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याच्या प्रयोगावरचे पुस्तक आले, आणि २००७ साली बायबलमधील आज्ञा वर्षभर शब्दशः पाळण्याच्या प्रयोगावरचे. स्वतःलाच प्रयोगाचा विषय करणाऱ्या विनोदी लेखकांची ही पुढची पिढी होय. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आजच्या प्रयोगशील लेखनात, आणि त्याहूनही अधिक ध्वनिचित्रफितींच्या जगात, लेखकाचे स्वतःचे बदलणे हाच बहुधा विषय असतो; प्लिम्प्टन यांच्या लेखनात लेखक होता तसाच हौशी राहतो आणि बदलते ती कसबी माणसाकडे पाहण्याची वाचकाची नजर. स्वतःला मध्यभागी ठेवूनही दुसऱ्याविषयी लिहिता येते, हे त्यांनी सिद्ध केले, आणि हे त्यांचे सर्वांत टिकाऊ योगदान आहे.

या लेखकाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने प्रथम ‘पेपर लायन’ वाचावे आणि लगेच ‘पॅरिस रिव्ह्यू’मधील हेमिंग्वे यांची मुलाखत वाचावी, फुटबॉलचे नियम नीट ठाऊक नसले तरी बिघडत नाही. दोन्हींतला प्रश्न एकच आहे हे एकदा लक्षात आले की बाकीची पुस्तके आपोआप उलगडत जातात. आणि जो वाचक स्वतः लिहिणारा असेल त्याने, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या कामाला एकदा तरी स्वतःचा हात लावून पाहावा, तो अवघडला तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. समोरच्या माणसाच्या कसबाचे मोल त्याच्या लेखनात मग अधिक खरेपणाने उतरेल.